जुनी मोटार आणि जाणता हात

तूरिनच्या फियाट कंपनीने १९५३ साली नव्या रूपात आणलेल्या ‘११००’ मोटारीचा वंश पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात वाढला आणि ‘पद्मिनी’ या नावाने मुंबईकरांच्या घरचाच झाला. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ज्यांच्या दारी ही गाडी उरली आहे, त्यांना तिचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु केवळ अभिमानाने गाडी चालत नाही. कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, पेट्रोल व हवा यांचे प्रमाण जुळविणे, पॉइंटमधील अंतर नेमके राखणे, वेळच्या वेळी ग्रीस भरणे ही कामे इंजिनाचा आवाज ऐकून करावयाची असतात. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरही नाही आणि पॉइंटही नाहीत. तेव्हा तरुण मिस्त्रीने ही विद्या शिकावी कोठे? जुने मिस्त्री तर एकेक करून थकत चालले आहेत.

केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, हे योग्यच झाले. मात्र ही नोंदणी गाडीची झाली. ती जिवंत ठेवणाऱ्या कसबाचे काय? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा वृद्ध मिस्त्रींना सन्मानाने व मानधन देऊन शिकविण्यास बोलवावे. मालकांनीही गाडी दुरुस्तीस देताना मिस्त्रीच्या हाताखाली एखादा उमेदवार राहील, असे पाहावे. अन्यथा उद्या गाड्या उरतील, पण त्या चालणार नाहीत.