एक पट्टा, दोन खासदार

चिंचवडला बिऱ्हाड करून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी भरणाऱ्या कामगाराच्या घराचा खासदार एक आणि कारखान्याचा खासदार दुसरा, ही विचित्र अवस्था २००८ च्या मतदारसंघ-फेररचनेने निर्माण केली. पिंपरी व चिंचवड ज्या मावळ मतदारसंघात गेले त्याची हद्द घाट उतरून पनवेल-उरणला भिडते. भोसरी व चाकण ज्या शिरूरला जोडले गेले तो जुन्नरच्या डोंगरांपासून हडपसरपर्यंत पसरला आहे.

भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा, नित्य तुंबणारा पुणे-नाशिक महामार्ग, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी, या पट्ट्याच्या जिव्हाळ्याच्या साऱ्या बाबी केंद्राच्या अखत्यारीतल्या. आणि केंद्रीय मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असते ते लोकसभेला, त्याच्या खर्चाच्या मागण्या मंजूर वा नामंजूर करते तीही लोकसभाच. तेथे या पट्ट्याचा आवाज दुभंगलेला आहे, आणि दोन्ही खासदारांना शेतीपासून बंदरापर्यंतच्या इतर गाऱ्हाण्यांतून त्याच्यासाठी सवड काढावी लागते.

राज्यांच्या वाट्याच्या जागा तर १९७१ च्या खानेसुमारीवरच गोठलेल्या आहेत. त्या साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जेमतेम वर्षाची होती, आणि चाकण म्हणजे संग्रामदुर्ग व कांद्याचा बाजार. २०११ मध्ये शहराची वस्ती सतरा लाखांवर गेली. साडेसात लाख लोकांमागे निदान एक सदस्य असावा असा मूळ संविधानाचा दंडक होता. २०२४ मध्ये एकट्या मावळात पंचवीस लाखांहून अधिक मतदार होते. संततिनियमन निष्ठेने केले म्हणून आमच्या जागा घटाव्यात काय, हा दक्षिणेचा सवाल रास्त आहे. परंतु राज्याराज्यांतील तो तंटा मिटो वा न मिटो, महाराष्ट्राच्या हद्दीत रेषा शहाणपणाने आखण्यास त्याची आडकाठी नाही.

बीड-लातूरकडून अथवा बिहारातून आलेला कंत्राटी कामगार खानेसुमारीत येथे मोजला जातो, मतदारयादीत मात्र बहुधा गावीच राहतो. म्हणजे मतदारसंघाचा आकार त्याच्या शिरावर ठरतो आणि निकाल त्याच्यावाचून लागतो! हा दोष रेषा बदलून जाणार नाही. त्यासाठी कामगार संघटनांनीच नावनोंदणी हाती घेतली पाहिजे.

फेररचना आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतो व जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेश निघाल्यावर त्यात लोकसभेलाही फेरफार करता येत नाही. सबब पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकणसह खेड यांना एका मतदारसंघात आणण्याची मागणी कामगार व कारखानदार या दोघांनी, एरवीचे वैर तहकूब ठेवून, नकाशा व आकडेवारीसह आतापासूनच सिद्ध करावी.