नोंदीबाहेरची माणसे

दिवाळी सरली आणि भात घरात आले, की मुळशी तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. त्याच दिवसांत हिंजवडी-माणच्या बांधकामांवर परराज्यांतून आलेले मजूर पत्र्याच्या खोल्यांत छठची तयारी करत असतात. एकाच तालुक्यातून काही जण उठतात, काही इथे येऊन टेकतात. यंदाचा अंक या दोघांविषयी आहे.

उठवले जाणे मुळशीला नवे नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ मध्ये. दोन पिढ्या तोवर निघून गेल्या होत्या.

आजच्या स्थलांतरितांना तेवढा उशीर नको असेल तर धोरण हवे; ते नुसत्या कळवळ्याने बनत नाही, त्याला आकडा लागतो. आणि इथेच आपण कमी पडतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी स्थलांतरित दिसले, पण त्यात मोठा हिस्सा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. हंगामापुरता गाव सोडणारा मजूर त्या चाळणीतून निसटतो. म्हणून २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अभ्यासकांनी रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून अंदाज बांधला: राज्याबाहेर कामाला जाणारे वर्षाला सुमारे ९० लाख. मला हे काम फार मोलाचे वाटते. ज्याची कुठे नोंद नाही, त्याचा माग त्याच्या तिकिटावरून काढला गेला.

जानेवारी २०१७ मध्ये पार्थ मुखोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय कार्यगटाने स्थलांतरावर अहवाल दिला. माणूस जिथे असेल तिथे त्याला रेशन मिळावे, हा त्यातला एक आग्रह. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरातसह चार राज्यांत तशी सुरुवातही झाली. पण वेग आला तो २०२० च्या टाळेबंदीत माणसे पोराबाळांसह महामार्गावरून चालत निघाल्यावर. आणि सर्व राज्यांना मुदत शेवटी २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाला घालून द्यावी लागली. अहवाल हाताशी असताना हा उशीर झाला, याचा राग यायलाच हवा.

नोंदीने काय साधते याचे एक जवळचे उदाहरण मात्र आशा देणारे आहे. पुण्यात डोअर स्टेप स्कूल या संस्थेचे कार्यकर्ते बांधकामांवर जाऊन शाळेबाहेरची मुले शोधतात आणि त्यांना जवळच्या शाळेत दाखल करतात. मूल यादीत आले, तरच शाळेला त्याच्यासाठी शिक्षक मागता येतो.

पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा भट्ट्या पेटलेल्या असतील, वाड्यांवरची घरे बंद असतील आणि मजुरांच्या वसाहती गच्च भरलेल्या असतील. त्या वसाहतींची आणि भट्ट्यांची यादी मुळशीच्या ग्रामपंचायतींनी या दिवाळीनंतर लगेच करायला घ्यावी, तहसील कचेरीने ती प्रगणकांच्या हाती द्यावी, आणि बंद घरातली माणसे कोणत्या भट्टीवर आहेत हे वाडीवर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना तेव्हाच विचारून ठेवावे.