संग्रहालयाचा कंटाळा आणि सुट्टीचा प्रवास

सुट्टी जवळ आली की घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी नागपूर-मुंबईपुरते असलेले हे बेत, ज्यांचे आप्त परदेशी स्थायिक झाले आहेत अशा काही कुटुंबांत आता युरोपपर्यंत पोहोचले आहेत. वडील मंडळी यादी करितात. तीत अग्रस्थान संग्रहालयांस असते, आणि मुलांची तोंडे तेथेच उतरतात. अशा मुलांस अरसिक ठरवून आपण मोकळे होतो. आमच्या मते हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे.

संग्रहालयाचा कंटाळा म्हणजे जुन्या वस्तूंचा कंटाळा नव्हे. वरोऱ्याहून जवळच भद्रावतीस विजासनची लेणी आहेत. टेकडीच्या पोटात सरळ गेलेला लांब अंधारा मार्ग आणि त्याच्या शेवटी बसलेली बुद्धमूर्ती! मुलास तेथे एकदा न्यावे आणि भिंतीस हात लावीत तो कसा पुढे सरकतो ते पाहावे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर हत्तीवर चढलेला सिंह कोरला आहे. तो दिसताच हे कोणाचे चिन्ह, असा प्रश्न मूल आपण होऊन करिते. अशाच मूर्ती आपल्या गावापासून तुटून काचेआड उभ्या राहिल्या, आणि तीन तासांत त्यांच्या रांगांमागून रांगा पाहाव्या लागल्या, म्हणजे मोठ्यांचेही पाय भरून येतात. ते बोलून दाखवीत नाहीत, इतकेच.

म्हणून गोष्ट आधी सांगावी, वस्तू मागाहून दाखवावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली महाराष्ट्रात उसनी आली आणि २०२५ साली नागपूरच्या अजबबंगल्यातही, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, ठेविली गेली. प्रतापगडची कथा ऐकलेल्या कोणत्या मुलास ती पाहावयास ओढून न्यावे लागेल? ती महाराजांचीच, अशी खात्री खुद्द त्या संग्रहालयानेही दिलेली नाही. हेही मुलांपासून लपवू नये. ‘कशावरून?’ असे विचारावयास मिळाले की कपाटातील वस्तूस जीव येतो.

बाकी व्यवस्था सोपी आहे. एका दिवशी एकच संग्रहालय, तेही तासाभराचे. काय पाहावयाचे ते मुलानेच आधी ठरवावे. हाती कागद-पेन्सिल द्यावी व चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखविण्याचा मोह आवरावा. दुपार नदीकाठी किंवा बागेत जाऊ द्यावी. पॅरिसच्या लूव्ह्रमधील ‘मोनालिसा’ उंचीने दोन हातही भरत नाही. तिच्यापुढील गर्दीत लहान मुलास बहुधा लोकांच्या पाठीच दिसतात. तेथवर जाऊन ती पाहिली नाही तर लोक काय म्हणतील, ही चिंता मोठ्यांची आहे. तिचा भार मुलांनी का वाहावा? उलट लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात २०१७ पासून छताखाली टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पंचवीस मीटरांहून लांब आहे, आणि तो पाहावयास कोणाच्या खांद्यावर बसावे लागत नाही.

सांगाड्यावरून आठवले. १९६१ च्या सुमारास सिरोंचा तालुक्यात, जो तेव्हा आपल्याच चांदा जिल्ह्यात होता व १९८२ पासून गडचिरोलीत आहे, एका प्रचंड डायनोसॉरची हाडे खणून काढण्यात आली. ‘मोठ्या पायाचा’ म्हणून आणि ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष म्हणून त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेविले गेले. त्याचा सांगाडा आज कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. युरोपात जाऊन असले प्राणी पाहणाऱ्या आपल्या मुलांपैकी कितीजणांस हे ठाऊक असेल? तिकिटे काढण्यापूर्वी निदान ही हकीकत त्यांच्या कानावर घालावी. आणि ज्यांस युरोप परवडत नाही त्यांनी सिरोंच्याचाच बेत करावा. वाट लांबची आहे, परंतु बहुतेक सगळी जंगलातून जाते, आणि तेथे वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे. तेथे पाषाण झालेली झाडांची खोडे उघड्या आभाळाखाली पडली आहेत.