पळता येतं हो, पण अडवणार कोण?

परवा ताईकडे सगळे जमलो होतो. जेवणं झाली आणि विषय निघाला भाच्याच्या फुटबॉलचा. (अमेरिकन फुटबॉल. भारतातल्या मंडळींनी कृपया मेस्सीला डोक्यातून काढून टाकावं.) भाचा हायस्कूलच्या टीममध्ये रनिंग बॅक आहे. म्हणजे चेंडू काखेत मारून पळणारा. पळतो झकास, त्यात वाद नाही. पण थर्ड डाउन आला की कोच त्याला बाहेर बसवतो आणि त्याच्याहून हळू पळणाऱ्या एका पोराला आत पाठवतो.

झालं! भाऊजी चिडलेले, ताई हिरमुसलेली. एका काकांनी तर "आपली मुलं अंगापिंडानं लहान, त्यांना हे लोक मागेच ठेवणार" असा निकालही देऊन टाकला. मी म्हटलं, कोच बरोबर आहे. त्यानंतर मला कोणी आइस्क्रीम विचारलं नाही. तेव्हा जे तिथे धड बोलू दिलं नाही ते इथे लिहितो.

आधी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. तिसऱ्या प्रयत्नापर्यंत बरंच अंतर उरलं असेल तर बहुधा चेंडू फेकतात. फेकणारा क्वार्टरबॅक. त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात आणि त्याची नजर लांब, झेलणाऱ्यांवर असते. त्याच्यापुढे पाच दांडगे लाइनमन भिंतीसारखे उभे. समोरचा संघ एरवी चौघांना त्याच्या अंगावर सोडतो. कधीकधी मात्र पाच नाहीतर सहा जणांना सोडतो. हा ब्लिट्झ. पाच जण सहांना कसे अडवणार? सहाव्याला अडवायचं काम असतं रनिंग बॅकचं.

आणि हे काम ताकदीचं असण्याआधी नजरेचं आहे. माझं सगळं भांडण या एका मुद्द्यावर आहे. कुठले पाच लाइनमनच्या वाट्याचे आणि कुठले आपल्या, हे चेंडू हलायच्या आत ठरलेलं असावं लागतं. ढोबळ नियम असा की आधी मधून येणाऱ्याकडे बघायचं, कारण क्वार्टरबॅकपर्यंतचा त्याचा रस्ता सगळ्यात जवळचा. मग कडेने येणाऱ्याकडे. कोणीच आलं नाही तर स्वतः झेल घ्यायला सुटायचं. त्यात समोरचे सोंगं काढण्यात पटाईत. पुढे येऊन उभा राहिलेला मागे सरकतो आणि जो निवांत दिसतोय तोच नेमका सुसाट येतो.

आता काकांचा वजनाचा मुद्दा. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन, सुपर बोल. अटलांटा फाल्कन्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अटलांटा २८-३ असं पुढे होतं. शेवटच्या क्वार्टरची साडेआठ मिनिटं राहिली तेव्हाही २८-१२. थर्ड डाउन, हवा फक्त एक यार्ड. अटलांटाने चेंडू फेकायचं ठरवलं. क्वार्टरबॅक मॅट रायनच्या बाजूला रनिंग बॅक डेव्होंटा फ्रीमन. पेट्रियट्सचा डोंटा हायटॉवर धावत आला, फ्रीमनला तो उशिरा दिसला, आणि रायनच्या हातातला चेंडू उडाला. तो पेट्रियट्सना अटलांटाच्या २५ यार्डांवर मिळाला. त्यांनी तिथून टचडाउन केला, वर दोन गुण मिळवले, २८-२०. पुढे २८-२८ आणि ओव्हरटाइममध्ये ३४-२८. सुपर बोलच्या इतिहासातला पहिला ओव्हरटाइम.

फ्रीमन साधारण दोनशे पौंडांचा, हायटॉवर अडीचशेच्या वर. काका म्हणतील, बघा! पण काका, ती चित्रफीत नीट बघा. हायटॉवरने फ्रीमनला आडवं पाडलंच नाही. दोघांची धड टक्करच झाली नाही, मग वजनाचा प्रश्न येतो कुठे? फ्रीमन तीनशे पौंडांचा असता तरी न दिसलेल्या माणसाला त्याने कसं अडवलं असतं?

त्याच सामन्यात समोरच्या बाजूला जेम्स व्हाइट होता. वजनाने जवळजवळ फ्रीमनएवढाच. याच पेट्रियट्सकडे त्याच्याआधी बरीच वर्षं केव्हिन फॉक होता, तोही तसाच बुटका, आणि थर्ड डाउनला ब्लिट्झ अडवण्यात त्याचं नाव होतं. शिकागोचा वॉल्टर पेटन, डॅलसचा एमिट स्मिथ, हे काय राक्षस होते? स्मिथच्या नावावर १८,३५५ यार्ड आहेत, धावण्याचा विक्रम, आणि जाणकार त्याच्या अडवण्याचंही तितकंच कौतुक करतात. इथे समोरच्याला लोळवायचं नसतंच मुळी. तो वेग घ्यायच्या आत त्याच्या वाटेत खाली वाकून उभं राहायचं आणि सेकंद-दीड सेकंद खायचा. ते दोनशे पौंडात जमतं.

आता भाऊजींचा मुद्दा, की पोराचे आकडे बघा. आकडेच बघायचे तर त्या रात्री फ्रीमनचे ११ धावांत ७५ यार्ड आणि एक टचडाउन. दृष्ट लागावी असे! पण न अडवलेल्या माणसाचा रकाना अधिकृत तक्त्यात नसतोच. सॅक क्वार्टरबॅकच्या नावावर लागतो. त्याच ऑगस्टमध्ये फ्रीमनला पाच वर्षांसाठी सव्वाचार कोट डॉलरच्या आसपासचा करार मिळाला. माझं त्याच्याशी वैर नाही, पण पळण्याला किती भाव आणि अडवण्याला किती, ते बघा.

एक यार्ड हवा असताना पळायचं सोडून फेकायचं कशाला, असं पुष्कळ लोक म्हणतात. मान्य, मी असतो तर पळवलं असतं. पण त्या वेळी लांब ॲल्ड्रिक रॉबिन्सन मोकळा होत होता. आणखी एखादा सेकंद मिळाला असता तर त्याच निर्णयाला लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. तो सेकंद द्यायचं काम फ्रीमनचं होतं.

भाऊजींची एक गोष्ट मात्र मला पटते. नुसतं बाकावर बसवून पोरगा शिकणार कसा? सरावात कोचने त्याला रोज दहा-वीस ब्लिट्झ दाखवायलाच हवेत. ते होत नसेल तर भांडा, मीही येतो. पण सामन्यात "आमच्या पोराला आत घ्या" म्हणून भांडू नका. कारण त्याच्यामागे उभा असतो तो क्वार्टरबॅक, सोळा वर्षांचा, दर शुक्रवारी ताईच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार पराठे खाणारा. फेकताना तो स्वतःकडे कोण येतंय ते बघत नाही. बघायचं नसतंच त्याने. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी बघायचं असतं. उद्या त्याचा खांदा निखळला तर ताईच पहिली रडेल.

निघताना भाचा गाडीपर्यंत सोडायला आला. इतका वेळ आम्ही सगळे त्याच्यावरून भांडत होतो, त्याला कोणी एक अक्षर विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काय रे, तुझं काय म्हणणं?" जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, ताकद आहे रे. पण कोण येणार तेच कळत नाही मला."

येत्या शनिवारी त्याला घरी बोलावलंय. फ्रीमनची चित्रफीत बघू, आणि केव्हिन फॉकच्याही मिळतील तेवढ्या. ताई, तू हे वाचणार हे माहीत आहे. येताना त्याच्याबरोबर माझ्या वाटणीचं आइस्क्रीम पाठव.