जागरण म्हणजे जागृती नव्हे



मागच्या चातुर्मासात दुपारच्या सामायिकात मला डुलकी लागली. हातातली माळ मांडीवर पडली आणि शेजारच्या काकींनी हळूच कोपराने हलवले. घरी येईपर्यंत मनाला एकच टोचणी होती: निद्रा हा प्रमाद, आणि तो मी स्थानकात बसून केला. रात्री हिशेब मांडला. आदल्या दिवशी ओटा पुसून पाठ टेकायला साडेबारा वाजले होते आणि सकाळी पावणेपाचला उठले होते. सव्वाचार तास! मग दोष सामायिकात बसलेल्या माझा, की आमच्या घराच्या वेळापत्रकाचा?

आपल्या कर्मशास्त्रात झोपेचा किती बारीक विचार आहे पाहा. दर्शनावरणीय कर्मात निद्रेचे पाच प्रकार सांगितले आहेत. सहज जाग येते ती निद्रा, उठवताना कष्ट पडतात ती निद्रानिद्रा, बसल्या-उभ्या येते ती प्रचला, चालता चालता येते ती प्रचलाप्रचला आणि झोपेतच माणूस मोठी कामे करून बसतो ती स्त्यानगृद्धी. माझी होती प्रचला. पण कर्माचा उदय म्हणून गप्प बसायचे, की त्याला निमित्त पुरवणे थांबवायचे?

भगवतीसूत्रात कौशांबीच्या जयंती श्राविकेने भगवान महावीरांना विचारले होते, की झोपणे चांगले की जागणे. उत्तर सरळ एका शब्दाचे नव्हते. अधर्माने वागणाऱ्यांचे झोपणे बरे, धर्माने वागणाऱ्यांचे जागणे बरे, असा त्याचा भाव आहे. म्हणजे प्रश्न तासांचा नाही, जागेपणी काय करतो याचा आहे. अपुऱ्या झोपेने मी सुनेवर खेकसते, मुलावर हात उगारते, तर ते जागणे धर्माचे कसे?

कोणी म्हणेल, साधू-साध्वी तर किती कमी झोपतात! खरे आहे. उत्तराध्ययनात रात्रीच्या चार प्रहरांपैकी तिसरा प्रहर झोपेसाठी सांगितला आहे. पण त्यांना रात्री साडेनऊला दुकान बंद करून येणाऱ्यांसाठी पुन्हा पोळ्या लाटायच्या नसतात, की तान्ह्या बाळाला घेऊन बसायचे नसते. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे ठरलेली वेळ आणि रात्रीभोजनाचा त्याग.

आपल्या कित्येक घरांत सासूबाईंचा चौविहार सूर्यास्तापूर्वी होतो, आणि मग पुरुषांसाठी दुसरी चूल रात्री दहाला पेटते. मध्ये अडकते ती सून. शरीराच्या या घड्याळावर काम करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल मिळाले. उजेड-अंधार आणि जेवणाच्या वेळा यांच्याशी हे घड्याळ बांधलेले असते. मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप हवी, शाळकरी मुलांना 9 ते 12 आणि तेरा ते अठराच्या मुलांना 8 ते 10, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. आता 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे बघा. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97. आपली झोप कुठे जाते, याचे उत्तर इथेच आहे.

हे सगळे मी माझ्यापुरते म्हणत होते. मग उन्हाळ्यात आमच्याकडे भांड्यांना येणारी ताई ओट्याशी उभी राहून पेंगताना दिसली. तीही प्रचलाच! विचारले तर म्हणाली, "वहिनी, रातभर विहिरीवर नंबर लावून बसले. झऱ्याला पाणी साचंल तसं भरायचं." मी तिला सातच्या ठोक्याला बोलवत होते आणि पाच मिनिटे उशीर झाला तरी बोलत होते. मला फार लाज वाटली.

आपल्या जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावरची बाई मात्र रात्री विहिरीवर जागते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तिथेही दिवस अंधारातच सुरू होतो.

म्हणून मला एक सुचवायचे आहे. महावीर जयंतीला आपली मंडळे दवाखान्यात फळे वाटतात. जागतिक निद्रा दिन मार्चमध्ये येतो. यंदा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातल्या आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना भेटून झोपेवर जागृती मोहीम घ्यावी, अशी विनंती आपण करू. खर्च आणि हात आपले. पण मोबाइल दूर ठेवा, चहा कमी प्या, एवढेच छापलेले फलक नकोत. ते आपल्या घरांसाठी ठीक आहेत. पाड्यासाठी दुसरे बोलावे लागेल.

पहिली गोष्ट गरोदर बायकांची. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात त्यांची तपासणी असते. त्या दिवशी बाईसोबत नवऱ्याला आणि सासूलाही बसवून सांगावे, की विश्रांती हे लाड नाहीत.

दुसरी, मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा इतका बारीक, की कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. अशा वेळी खूण दिसो न दिसो, थेट दवाखाना गाठायचा. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. खाट आणि अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांनी हा धोका खूप कमी होतो. मच्छरदाणीने माणूस वाचतो, साप वाचतो आणि डासही मारावा लागत नाही. ब्लँकेटऐवजी आपण मच्छरदाण्या दिल्या, तर याहून चांगले अभयदान कोणते?

तिसरी गोष्ट पाण्याची. विहिरीवर बसलेल्या बाईला सात तास झोप म्हणून सांगायला मी जाणार नाही. डॉक्टरांनी तिचे जागरण आजाराचे कारण म्हणून नोंदवावे आणि आपण ते ग्रामसभेत मांडायला तिच्यासोबत उभे राहावे.

आणि सुरुवात घरून. आमच्याकडे आता रात्री आठला ओटा बंद होतो. उशिरा येणारा स्वतः वाढून घेतो आणि ताट धुऊन ठेवतो. दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. मुलांचे फोन बैठकीत चार्ज होतात. यजमान जोरात घोरतात आणि दिवसाही पेंगतात, तर हसण्यावारी न नेता त्यांना डॉक्टरांना दाखवा. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर शेजारणीने दिलेली गोळी घेऊ नका.

ताई आता दहाला येते. पगार तोच. मागचे सगळे उन्हाळे मी तिची झोप घेत होते, त्याबद्दल तिला मिच्छामि दुक्कडम् म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, "त्याचं काय वहिनी, चहा ठेवा." चहा मीच केला.