लायसन दुकानाला, बाटलीला नाही

शनिवार सकाळ, बाहेर पाऊस आणि हातात आल्याचा चहा (बिनसाखरेचा, हाय रे दैवा!). आज कोड सोडून जरा वेगळ्याच विषयावर.

तर मंडळी, २०२४ च्या उन्हाळ्यात माझं वजन ९८ किलो होतं. न्यू जर्सीत प्रोजेक्ट, दिवसभर खुर्ची, रात्री पुण्याच्या टीमशी कॉल आणि सोबतीला पिझ्झा. डॉक्टरीणबाईंनी सेमाग्लुटाइड लिहून दिलं, म्हणजे ते सुप्रसिद्ध वेगोवी. इन्शुरन्सवाल्यांनी नन्नाचा पाढा लावला. खिशातून घ्यायचं तर तेव्हा छापील किंमत महिन्याला १३०० डॉलरच्या वर. मग धरली कंपाउंडिंग फार्मसीची वाट.

कंपाउंडिंग म्हणजे फार्मसीने पेशंटच्या गरजेप्रमाणे औषध स्वतः बनवून देणं. कोणाला गोळी गिळता येत नाही, कोणाला गोळीतल्या रंगाची ॲलर्जी असते. जुनी आणि चांगली सोय आहे. एरवी कंपनीच्या औषधाची सरसकट नक्कल करता येत नाही, पण औषध एफडीएच्या टंचाईच्या यादीत असेल तर करता येते. सेमाग्लुटाइड २०२२ पासून त्या यादीत होतं.

माझी फार्मसी रीतसर लायसनवाली. स्टेट बोर्डाच्या साइटवर मी स्वतः तपासलं होतं. स्वारी खूश!

पहिली बाटली एका मिलीलिटरला २.५ मिलिग्रॅमची. डोस ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे इन्शुलिनच्या सिरिंजवर १० युनिट. पुढच्या महिन्यात डोस दुप्पट झाला, म्हणून मी सवयीने २० युनिट भरले. पण नवी बाटली एका मिलीलिटरला ५ मिलिग्रॅमची होती! गेला की एक मिलिग्रॅम पोटात, हवा होता त्याच्या दुप्पट. दोन दिवस बाथरूमशी घरोबा. आईला फोनवर सांगितलं, "काही नाही गं, बाहेरचं खाल्लं."

लेबलवर सगळं बरोबर छापलेलं होतं. चूक माझीच. पण रोज कोड लिहिणारा माणूस इथे फसतो, तर इतरांचं काय? वेगोवीच्या पेनात एका वेळचा डोस आधीच भरलेला असतो, हिशोब करायचाच नसतो. एफडीएने जुलै २०२४ मध्ये याच घोळाबद्दल इशारा दिला होता. काही जणांनी पाच ते वीस पट औषध टोचून घेतलं होतं, काहींना हॉस्पिटल गाठावं लागलं. माझं थोडक्यात निभावलं.

तर मुद्दा असा की लायसन असतं दुकानाला, बाटलीला नाही. कंपाउंड केलेलं औषध विकण्याआधी एफडीए तपासत नाही. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या दूषित इंजेक्शनांनी मेंदूज्वर पसरून साठहून जास्त माणसं गेली. तिच्याकडेही मॅसॅच्युसेट्सचं लायसन होतंच. त्यानंतर २०१३ मध्ये कायदा बदलला, मोठ्या प्रमाणावर औषध बनवणाऱ्यांसाठी एफडीएकडे नोंदणीचा वेगळा वर्ग आला. पण माझ्यासारख्याला एकेका प्रिस्क्रिप्शनवर औषध देणारी फार्मसी अजूनही मुख्यतः राज्याच्याच देखरेखीखाली.

"मग काय श्रीमंतांनीच बारीक व्हायचं?" असं माझा रूममेट विचारतो. प्रश्न रास्त आहे. कंपाउंडिंग बंद करा असं मी म्हणतच नाही. पण बाटलीची तीव्रता बदलली तर फार्मसीने फोन करून सांगायला हवं, आणि डोस मिलिग्रॅम, मिलीलिटर आणि युनिट अशा तिन्हींत ठळक लिहायला हवा. आपल्याकडे इंटरफेस न सांगता बदलला तर लोक किती शिव्या घालतात! इथे तर माणूस आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने सेमाग्लुटाइडची टंचाई संपल्याचं जाहीर केलं आणि मे अखेरपर्यंत नकलेची सवलतही संपली. आता एखाद्या पेशंटची खरीच वेगळी गरज असेल तरच ते बनवता येतं. म्हणून अजूनही कोणी सर्रास विकत असेल तर लायसन बघून थांबू नका. माझ्यासाठी हे वेगळं का बनवलंय आणि नेमके किती युनिट भरायचे, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर द्यायला का-कू केली तर सरळ दुसरं दुकान बघा.

असो. चहा गार झाला. वजन सध्या ८६, आणि पिझ्झा फक्त रिलीजच्या रात्री :)