छोट्या राज्याची सहल



शाळेला सुट्टी लागली की मुले विचारतात, "यंदा कुठे जायचे?" बुद्धगया, सारनाथ, लुंबिनी पाहावी असे प्रत्येकाला वाटते. परंतु कारखान्यात किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या कुटुंबाला तो खर्च दरवर्षी झेपत नाही. म्हणून या खेपेस एका छोट्या राज्याची सहल सुचवतो. तेथे किल्ला आहे, तलाव आहेत, डोंगर आहेत. एसटीचे तिकीट पुरे. १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालेले आमचे कोल्हापूर संस्थान!

पहिला दिवस शहरासाठी ठेवावा. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच बसवले गेले. तेथून टाऊन हॉल संग्रहालयात जावे. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पॉसिडॉन या सागरदेवाची कांस्यमूर्ती तेथे आहे. पंचगंगेकाठच्या या गावाचा व्यापार प्राचीन काळी समुद्रापार रोमपर्यंत पोचला होता, हे मुलांना त्यातून कळेल.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसून भेळ जरूर खावी. पण पाणी बघता बघता मुलांना गंगाराम कांबळे यांची हकिकत सांगावी. राजवाड्याच्या पागेतील या नोकराने हौदाच्या पाण्याला हात लावला, म्हणून इतर नोकरांनी त्यांना फोडून काढले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढण्यास मदत दिली. एवढ्यावर न थांबता ते स्वतः तेथे जाऊन चहा पीत. पुढे १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम निघाले.

दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळे येथील बौद्ध लेणी पाहावीत. खडकात कोरलेला विहार आणि भिक्खूंच्या खोल्या पाहताना गोंगाट करू नये. भिंतीवर नावे तर मुळीच कोरू नयेत. तेथून पन्हाळा. तीन दरवाजा, धान्याची अंबारखाना कोठारे आणि तीन मजली अंधारबाव पाहावी. जुलै १६६० मध्ये शिवराय वेढ्यातून निसटले, तेव्हा त्यांचे सोंग घेऊन मरण पत्करणारा शिवा काशीद नाभिक समाजाचा होता, हेही सांगावे.

तिसरा दिवस राधानगरीचा. भोगावती नदीवरील या धरणाचे काम महाराजांनी १९०९ साली सुरू केले. पैशाअभावी ते मध्ये थांबले आणि महाराजांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी, १९५७ साली पुरे झाले. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे सात दरवाजे मुलांना फार आवडतात. मात्र पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ देऊ नये. पलीकडच्या दाजीपूरच्या जंगलात गवे आहेत. तेथे वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, हे आधी विचारून घ्यावे.

शेवटचा दिवस माणगावसाठी राखावा. तेथे डोंगर नाही, तलाव नाही. २१ व २२ मार्च १९२० रोजी या गावी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर. 'मूकनायक' निघून दोन महिनेही झाले नव्हते. त्या सभेत छत्रपतींनी स्वतः येऊन लोकांना सांगितले की, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. आज तेथे स्मारक आहे.

हिशेबाचे दोन शब्द. कोल्हापूर मध्यवर्ती बसस्थानक धरून रोज जाऊन-येऊन ही ठिकाणे होतात. कोल्हापूरकरांनी चार रविवारी केली तरी चालतील. पहिल्या दिवशी भाकरी-चटणीचा डबा न्यावा, पण रोज नको. घरच्या बाईलाही सहलीत चुलीपासून सुट्टी मिळाली पाहिजे. मुलांच्या हाती एक वही द्यावी व रोज एक पान लिहून घ्यावे. फोटो सगळेच काढतात. पण ज्या पाण्याकाठी आपण उभे आहोत, त्याला हात लावल्याबद्दल कोणी मार खाल्ला, हे मुलांना ठाऊक नसेल तर सहल अर्धीच राहिली असे समजावे.